बांधापासून दवाखान्यापर्यंतच्या वेळेची नोंद कोण ठेवणार?

या पानावर मी एरवी बोंडअळी, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या असल्या विषयांवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण शेताबाहेरचा नाही. १०८ नंबरला फोन केल्यावर जी रुग्णवाहिका येते, तिच्यात काम करणाऱ्या माणसांनी वैद्यकीय संशोधनात भाग घ्यावा, आणि तो त्यांना घेता यावा म्हणून गावानेही हात लावावा, असे मला म्हणायचे आहे. तुम्ही म्हणाल, "गाडी वेळेवर आली तरी गंगेत घोडं न्हालं, संशोधन कसलं काढता?" तुमचे म्हणणे मला कळते. तरी थोडे ऐकून घ्या.

सन २०२१ च्या खरिपातली गोष्ट. पोळा तोंडावर आला होता. कपाशी छातीला लागलेली आणि सगळीकडे फवारणीची घाई. मी शेजारच्या गावात शेतीशाळेला होतो. सांजच्या वेळी फोन आला, "साहेब, गडी पडलाय, लवकर या." मी जाऊन काय करणार? पण गेलो. पंचविशीचा पोरगा बांधावर आडवा. तोंडातून लाळ, उलट्या, अंग घामाने चिंब. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तेवढ्यात १०८ ची गाडी आली. गाडीतल्या डॉक्टरांनी काम करता करता तीनच प्रश्न विचारले. काय फवारलं? किती वाजता फवारलं? त्रास कधी सुरू झाला?

एकाही प्रश्नाचे धड उत्तर मिळाले नाही. मालक म्हणाले, "दोन औषधं नि एक टॉनिक एकत्र केलं होतं." कोणती औषधं? "डबडं तर वढ्यात फेकलं." किती वाजता? "दुपारी कधीतरी." पोराची बायको म्हणाली, सकाळपासूनच डोकं दुखतंय म्हणत होते. म्हणजे आदल्या दिवशीच्या फवारणीचा असर होता की काय, कुणास ठाऊक. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला, कागदावर काहीतरी टिपले आणि गाडी निघाली.

पोरगा वाचला, सध्या त्याच गावात कामाला आहे. पण मला वरती अहवाल द्यायचा होता म्हणून मी चार-सहा दिवसांनी दवाखान्यात गेलो. तिथल्या कागदावर दाखल केल्याची वेळ होती, आणि पुढे "अज्ञात कीटकनाशक" एवढेच. बांधावर बाहुल्या कशा होत्या, श्वास किती होता, पहिले इंजेक्शन किती वाजता दिले, त्यानंतर वाटेत फरक पडला का, यातले काही नाही. ते सगळे गाडीतल्या डॉक्टरांनी पाहिले होते, टिपलेही होते. तो कागद कुठे गेला, हे कुणालाच सांगता आले नाही. पुढे एकदा त्याच डॉक्टरांची चहाच्या टपरीवर गाठ पडली तेव्हा मी हे बोललो. ते हसून म्हणाले, "आम्ही रोज बघतो हो. पण आम्हाला विचारतो कोण?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण हेच वाक्य मी शेतकऱ्यांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे.

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर एखादे वाण उत्तम येते. जमीन काळी, पाणी हाताशी, मजूर पगारी. तेच वाण आपल्या मुरमाड रानात आणले की मान टाकते. शेतकरी म्हणतो, "आम्हाला विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं." म्हणून तर शेतकऱ्याच्या शेतावर चाचणी घ्यायची पद्धत आली. संशोधन केंद्राचा निष्कर्ष खोटा नसतो, पण तो केंद्राच्या जमिनीचा असतो. वैद्यकातही असेच आहे. बहुतेक अभ्यास रुग्ण खाटेवर आल्यानंतर सुरू होतात. पण आपला माणूस बांधावरून खाटेवर जाईपर्यंत कधी तास जातो, कधी तीन. सापाचे विष, फवाऱ्याचे विष, ट्रॅक्टर उलटून झालेला रक्तस्राव, यांचा निम्मा निकाल त्याच वेळात लागतो. त्या वेळात रुग्णाजवळ प्राध्यापक नसतो, मोठा सर्जन नसतो. असतो तो गाडीतला डॉक्टर किंवा पॅरामेडिक, म्हणजे तातडीच्या उपचाराचे शिक्षण घेतलेला निमवैद्यकीय कर्मचारी. आपल्या राज्यात २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि गाडीत डॉक्टर ठेवायचे धोरण होते. इतर अनेक राज्यांत आणि परदेशांत पॅरामेडिक असतात. माणूस कोणत्याही पदवीचा असो, त्या जमिनीची ओळख त्यालाच.

आता थोडे इतिहासाचे. पदविकेला असताना आम्ही रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन घोकले, परीक्षा दिली आणि विसरलो. पण ही मुळात शेतातली रीत आहे. इंग्लंडात रोथॅमस्टेड नावाचे जुने शेती संशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचे संख्याशास्त्रज्ञ कामाला लागले. त्यांनी सांगितले की कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे माणसाने मनाने ठरवू नये, चिठ्ठी टाकून ठरवावे. कारण माणूस नकळत आपल्या आवडत्या खताला चांगला वाफा देतो. १९३५ मध्ये त्यांचे प्रयोगांच्या आखणीवरचे पुस्तक आले. औषधांच्या चाचण्यांतही हीच चिठ्ठीची रीत आली. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन गुणकारी आहे की नाही याची ब्रिटनमध्ये अशी चाचणी झाली, तिचा निकाल १९४८ मध्ये छापून आला. आपल्याकडे पानसे आणि सुखात्मे या दोघांनी शेती कामगारांसाठी संख्याशास्त्राचे पुस्तक लिहिले, १९५४ मध्ये. पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत घडवण्यातही या दोघांचा मोठा वाटा.

पीक कापणी प्रयोग म्हटले की तलाठी, ग्रामसेवक मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात (पदांची नावे आता बदलली, पण गावाच्या तोंडी अजून हीच आहेत). पण विचार करा. सर्व्हे नंबर कसा निघतो? यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून. "हे रान बरं दिसतंय, इथं कापू" असे चालत नाही. चौकोन आखायचा, कापायचे, झोडपायचे, वजन करायचे, जे येईल ते लिहायचे. ते वजन प्रामाणिक असेल तर विम्याचा न्याय होतो, घरी बसून तक्ता भरला तर गावच्या गाव मरते. म्हणजे संशोधन कसे करायचे हे या पानाच्या वाचकांना नव्याने शिकवायची गरज नाही. तुम्ही वर्षानुवर्षे तेच करता आहात, फक्त त्याला संशोधन म्हणत नाही.

रुग्णवाहिकेत हे होऊ शकते का? झाले आहे. ब्रिटनमधले दोन दाखले सांगतो.

हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाला श्वास देण्यासाठी तिथले पॅरामेडिक श्वासनलिकेत नळी घालत. हे कसबाचे काम. दुसरे एक सोपे साधन होते, घशात वरच बसणारे. कोणते चांगले? दवाखान्यातले तज्ज्ञ यावर कितीही वाद घालतील, पण हे काम होते रस्त्यावर, जिन्यात, माजघरात. तेव्हा २०१५ ते २०१७ या काळात चार रुग्णवाहिका सेवांतले दीड हजाराहून जास्त पॅरामेडिक स्वतःहून अभ्यासात उतरले. यात चिठ्ठी रुग्णाची नव्हती, पॅरामेडिकची होती. ज्याच्या चिठ्ठीत नळी निघाली त्याने आधी नळी वापरायची, ज्याच्या चिठ्ठीत साधे साधन निघाले त्याने आधी ते. नऊ हजारांवर रुग्णांची नोंद झाली. २०१८ मध्ये निकाल छापून आला. शुद्धीवर येऊन बऱ्या स्थितीत घरी जाणारे साध्या साधनात शंभरी ६.४, नळीत ६.८. फरक म्हणावा असा नाही. म्हणजे जे शिकायला सोपे, ते अवघड कामाच्या तोडीस तोड निघाले. एक डॉक्टर आपल्या खोलीत बसून हे शंभर वर्षांत ठरवू शकला नसता.

दुसरा दाखला मला जास्त विचार करायला लावणारा वाटतो. हृदय बंद पडले की ॲड्रिनलिनचे इंजेक्शन द्यायचे, ही कित्येक दशकांची रीत. २०१४ ते २०१७ मध्ये पाच रुग्णवाहिका सेवांतल्या पॅरामेडिकांनी आठ हजारांवर रुग्णांत याची चाचणी केली. निम्म्यांना ॲड्रिनलिन, निम्म्यांना नुसते मिठाचे पाणी. कुपी कोणती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही. तीस दिवसांनी जिवंत राहिलेले ॲड्रिनलिनवाल्यांत शंभरी ३.२, दुसऱ्यांत २.४. म्हणजे थोडे जास्त वाचले. पण वाचलेल्यांपैकी मेंदूला जबर इजा होऊन परावलंबी झालेले ॲड्रिनलिनच्या बाजूला शंभरात ३१, दुसऱ्या बाजूला सुमारे १८. युरिया टाकल्यावर कपाशी हिरवीगार दिसते, पण बोंडं धरली का हे वेचणीलाच कळते, तसे हे. नाडी परत आली म्हणून गाडीतल्या माणसाला वाटायचे, औषध लागू पडले. पुढे काय झाले हे मोजल्यावर चित्र निराळे दिसले. आणि ते मोजण्याचे काम गाडीतल्या माणसांनीच सुरू केले होते.

"इंग्लंडचं सोडा हो, आपल्याकडं काय?" असे कुणी म्हणेल, म्हणून आता आपल्याकडचे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाने माणसे मरत. विष जोरात भिनलेल्या रुग्णांत शंभरी तीसच्या आसपास दगावत. बावस्कर रुग्णाशेजारी बसून रक्तदाब, घाम, श्वास, हातपाय गार आहेत की गरम, हे टिपत राहिले. त्या टिपणांतून त्यांना दिसले की रक्तदाबावरची प्राझोसीन नावाची गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो. मृत्यू शंभरी एकाच्या आसपास आले. पुढे त्यांनी महाडला सत्तर रुग्णांची चाचणी केली, पस्तिसांना नुसती प्राझोसीन, पस्तिसांना जोडीला विंचवाची लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले लसवाल्यांत ३२, नुसत्या गोळीवाल्यांत ८. हे २०११ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्यातले सगळ्यात मोठे वाटते ते हे की त्यांनी मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेची वाट पाहिली नाही. जिथे माणूस मरत होता तिथेच वही उघडली.

फवाऱ्याच्या विषाचेही तसेच. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपीनसोबत 'पॅम' नावाचे दुसरे औषध देतात. ते थोडे थोडे टोचून द्यायचे की सतत सलाईनमधून मोठ्या मात्रेत, यावर बारामतीच्या एका दवाखान्यात दोनशे रुग्णांची चाचणी झाली आणि २००६ मध्ये ती जगभर वाचली गेली. सतत देण्याचा चांगला गुण आला. पण २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत हेच औषध उपयोगी पडल्याचे दिसले नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक. मग फरक का? यावर जाणकारांत बरीच चर्चा झाली. विष कोणते होते आणि ते अंगात गेल्यावर किती तासांनी औषध मिळाले, या दोन गोष्टी तिच्यात येतातच, कारण काही विषांत ठरावीक तास उलटले की या औषधाचा जोर उरत नाही. आता पुन्हा आमच्या बांधावर या. काय फवारलं? किती वाजता? "दुपारी कधीतरी."

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षापासून आम्हाला फवारणीच्या सुरक्षिततेच्या सभा घेण्याचे आदेश असतात, आम्ही त्या घेतो. हातमोजे, चष्मा, वाऱ्याची दिशा. पण बांधावर पडलेल्या माणसाला पहिल्या तासात काय दिले म्हणजे तो जास्त वाचतो, हे सांगायला माझ्याकडे आपल्या मातीतला एकही आकडा नाही. तो फक्त गाडीतली माणसे देऊ शकतात.

सापाचे तर विचारूच नका. २०२० मध्ये एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली. हा आकडा मुख्यतः घरोघरी जाऊन, घरातला माणूस कसा गेला हे नातेवाइकांना विचारून काढलेला आहे, कारण सर्पदंशाचे बहुतेक मृत्यू खेड्यात आणि दवाखान्याबाहेर होतात. म्हणजे मेल्यावर विचारले. जिवंत असताना वाटेत काय घडले, त्याची वही कुठे आहे? मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दाताची खूण दिसत नाही, सूज नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोलणे जड होते आणि मग श्वास थांबतो. अशा वेळी गाडीत फुगा दाबून श्वास देत राहिले तर माणूस दवाखान्यापर्यंत तग धरतो. पण किती जणांना दवाखान्याच्या दारात पोचण्याआधीच श्वास द्यावा लागला? किती जणांच्या पायाला करकचून दोरी बांधलेली होती, आणि ती कशी सोडली तर बरे? सर्पविषाची लस गाडीतच सुरू करावी का, की त्यात रिॲक्शनचा धोका जास्त? हे प्रश्न मी काढलेले नाहीत. त्या टपरीवरच्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितले. प्रश्न त्यांच्याजवळ तयार आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला आहे, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणतात. मग हे प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ कोणती?

आता तुमच्या मनातली भीती बोलतो. "म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार का?" रास्त प्रश्न आहे. पहिली गोष्ट, संशोधन म्हणजे दर वेळी नवे औषध नव्हे. जे उपचार आज देतातच, ते किती वाजता दिले, पुढे काय झाले, हे नीट लिहून ठेवणे हेही संशोधनच, आणि आपल्याला आधी तेच हवे आहे. दुसरी गोष्ट, औषधाची चाचणी करायची तर त्याला कायदा आहे. नीतिसमितीची मान्यता लागते, २००९ पासून अशा चाचण्यांची सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणे बंधनकारक आहे, २०१९ चे नियम आहेत. बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची हा अवघड भाग, तो मी उडवून लावत नाही. मी सांगितलेल्या ॲड्रिनलिनच्या चाचणीत, ज्याला भाग घ्यायचा नाही त्याला हातात घालायला एक पोलादी कडे मिळत असे. त्यावर लिहिलेले असे की यांना अभ्यासात घेऊ नका. आपल्याकडे हे कसे करायचे ते ठरवताना गावाला विचारले पाहिजे. ग्रामसभा कशासाठी आहे? अनुदानाच्या याद्या वाचण्यापुरती नव्हे.

दुसरी भीती गाडीतल्या माणसांची. ही कमी बोलली जाते. "सगळं खरं लिहिलं आणि उद्या रुग्ण दगावला, तर तोच कागद आमच्या गळ्यात पडेल." आम्हालाही ही भीती माहीत आहे. प्रात्यक्षिक प्लॉट फसला की खुलासा मागतात, म्हणून फसलेला प्लॉट अहवालात दिसतच नाही, आणि त्यामुळे तीच चूक पुढच्या तालुक्यात पुन्हा होते. उशीर झाला, रस्ता नव्हता, ऑक्सिजन संपत आला होता, हे लिहिणाऱ्याला शिक्षा होणार असेल तर कुणीही "सर्व सुरळीत" असेच लिहील. अपघातात मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली ना? मग अभ्यासासाठी लिहिलेल्या नोंदीत नाव झाकले जाईल आणि ती चौकशीला वापरली जाणार नाही, एवढी हमी या लोकांना देता आली पाहिजे.

आणि एक कटू गोष्ट. बारा-बारा तासांची ड्यूटी करून, कंत्राटावर राबून, वर फुकटची कारकुनी कोण करील? कागद वाढवून संशोधन होत नाही. आमच्याकडे मोबाइलवर किती ॲप आली, आणि त्यांतली माहिती कोण वाचतो हे मला अजून कळलेले नाही. म्हणून माझे सांगणे असे की नोंद छोटी असावी, तिच्यासाठी ड्यूटीतला वेळ धरावा, आणि निकाल त्यांच्याकडे परत यावा. मी माती परीक्षणाचे नमुने नेतो. ज्या गावात पत्रिका परत दिली, त्या गावात पुढच्या वर्षी लोक आपणहून नमुना आणून देतात. जिथे दिली नाही तिथे कुणी दारात उभे करत नाही. तुम्ही पोचवलेल्या शंभर रुग्णांपैकी किती घरी गेले, हे गाडीतल्या माणसाला आज कुणी सांगत नाही. रुग्ण दवाखान्याच्या दारात उतरला की त्याचा संबंध संपला. मग त्याला उत्साह यावा कुठून? अभ्यास छापून आला तर त्यात त्याचे नावही आले पाहिजे. प्लॉट शेतकऱ्याचा आणि फोटो साहेबांचा, हे आपण पुष्कळ पाहिले.

वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांनी दोन पावले पुढे यायला हवे, हे खरे. त्यांच्याकडे पद्धत आहे, गाडीवाल्यांकडे जमीन आहे. कायद्यानेही आता वाट केली आहे. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात पॅरामेडिकला स्वतंत्र व्यावसायिक म्हणून जागा मिळाली. गावात अशी मुले-मुली तातडीच्या उपचाराचे शिक्षण घेत असतील तर त्यांना एवढेच सांगा की स्ट्रेचर उचलण्यापुरते हे काम नाही. प्रश्न विचारायलाही शिका.

गावाने काय करायचे, ते बोलून थांबतो. पोलीस पाटील, आशाताई, ग्रामसेवक यांच्यापैकी एकाकडे साधी शंभर पानी वही असू द्या. कुणाला साप चावला, विषबाधा झाली, यंत्रात हात गेला, तर घटना किती वाजता घडली, त्रास कधी सुरू झाला, गाडी यायच्या आधी गावात काय केले (दोरी बांधली, मिठाचे पाणी पाजले, मांत्रिकाकडे नेले, जे असेल ते न लाजता), १०८ ला फोन किती वाजता आणि गाडी किती वाजता आली, एवढे लिहा. त्याची एक चिठ्ठी गाडीतल्या डॉक्टरच्या हातात द्या. घड्याळ आता प्रत्येकाच्या खिशात आहे. फवारणीला निघण्याआधी डब्याच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा. त्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण आणि खाली लिहिलेला उतारा फोटोत आला पाहिजे. डबडे ओढ्यात टाकू नका हे मी दर सभेत सांगतोच. सापाला मारत बसू नका, त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. आणि उद्या एखादा अभ्यास करणारा गावात आला आणि विचारू लागला, तर त्याचे ओळखपत्र आणि नीतिसमितीचे पत्र बघा, पण दार लावू नका.

आमच्या मंडळात येत्या खरीपपूर्व बैठकीला मी १०८ च्या गाडीवरच्या डॉक्टरांना बोलावले आहे. बियाणे आणि खतांचा विषय झाला की पाऊण तास त्यांचा. ते भाषण करणार नाहीत, मागच्या हंगामात कुणाच्या शेतात काय घडले ते तुम्हालाच विचारणार आहेत आणि लिहून घेणार आहेत. ज्यांच्या घरी असा प्रसंग झाला त्यांनी दवाखान्याचे कागद असतील तर सोबत आणावेत. ते परत मिळतील, त्याची जबाबदारी माझी. बैठक सकाळी दहाला, ग्रामपंचायतीच्या सभागृहात.